देवळालीच्या मास्तरांची संख्या आणि आपल्या अंगठ्याचं कुलूप



या कार्यक्रमात आपण हळदीबद्दल बोलतो, शेळीपालनाबद्दल बोलतो, कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोलतो. आज आम्ही एका संख्येबद्दल बोलणार आहोत. नुसत्या एका संख्येबद्दल. ती इतकी मोठी आहे की या भाषणात ती वाचून दाखवता येणार नाही. पण तिचं एक टोक आपल्या महाराष्ट्रातल्या एका शाळामास्तरांपाशी पोचतं, आणि तिच्या जातकुळीतल्या लहान बहिणी रोज आपल्या बँक खात्याची राखण करतात. म्हणून ती आपल्या ओळखीची असलेली बरी.

गटात गेलो की बाया म्हणतात, "आकडेमोड लेकरांसाठी, आम्हाला काय करायचं?" आणि त्याच बाया आठवड्याची बचत, अंतर्गत कर्जाचं व्याज, थकलेला हप्ता तोंडी सांगतात. तेव्हा आपल्याला गणित येत नाही हे आधी मनातून काढून टाका. चला, सुरुवात पापडापासून करू.

समजा, गटानं तीस पापड लाटून वाळवले. आता पाकिटं भरायची. दोन-दोनची पंधरा पाकिटं होतील. तीन-तीनची दहा, पाच-पाचची सहा, सहा-सहाची पाच. कसंही भरा, तीस पापड नीट बसतात. आता त्यात एक पापड वाढला. एकतीस झाले. दोन-दोनची पाकिटं भरा, एक उरतो. तीन-तीनची भरा, एक उरतो. पाच-पाचची भरली तरी एक उरतोच. चार, सहा, सात, आठ, काहीही करून पाहा, सारखी पाकिटं होतच नाहीत. एक तर एकतीसच्या एकतीस एका पाकिटात घाला, नाही तर प्रत्येक पापडाचं वेगळं पाकीट करा.

अशी जी संख्या एक आणि स्वतः सोडून दुसऱ्या कोणाच्याही पाढ्यात येत नाही, तिला शाळेच्या पुस्तकात मूळ संख्या म्हणतात. दोन, तीन, पाच, सात, अकरा, तेरा या मूळ संख्या. बारा मूळ नाही, कारण ती दोन, तीन, चार आणि सहाच्या पाढ्यात येते. एक ही संख्या मूळ धरत नाहीत. मूळ हे नाव मोठं समर्पक आहे. बाकीच्या सगळ्या संख्या या मुळांच्या गुणाकारातून उगवतात. तीस म्हणजे दोन गुणिले तीन गुणिले पाच. साठ म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले तीन गुणिले पाच. झाड कितीही पसरलं तरी खाली मुळं तीच.

आता एकतीसकडे पुन्हा पाहा. दोन, तीन, पाच या तिन्ही मूळ संख्यांचा गुणाकार केला, त्यात एक मिळवला, आणि दोन, तीन, पाच यांपैकी कोणालाच न जुमानणारी संख्या मिळाली. ही युक्ती कितीही मूळ संख्या घेऊन करता येते. हाती असलेल्या सगळ्यांचा गुणाकार करायचा आणि एक मिळवायचा. नवी संख्या त्या जुन्या मूळ संख्यांपैकी कोणानंही भागली तरी एक उरतोच. म्हणजे ती स्वतः तरी मूळ असते, नाही तर तिच्या पोटात एखादी नवी मूळ संख्या दडलेली असते. म्हणून मूळ संख्या कधी संपत नाहीत. युक्लिड नावाच्या ग्रीक पंडितानं हे दोन हजार वर्षांहून आधी दाखवून दिलं. आपण ते आत्ता पापडावर केलं.

मूळ संख्या निवडायच्या कशा? त्याची रीतही आपल्या घरातलीच आहे. चाळण. कागदावर एक ते शंभर लिहा. एक खोडा. दोनभोवती गोल करा आणि दोनच्या पाढ्यातले पुढचे सगळे आकडे खोडा. मग तीनभोवती गोल, आणि तीनचा पाढा खोडा. मग पाच, मग सात. शंभरपर्यंत एवढं पुरतं. चाळणीतून जे गेलं ते गेलं, वर राहिले ते पंचवीस आकडे मूळ. ही चाळणही ग्रीकांचीच, एरॅटोस्थेनिस यांच्या नावानं ओळखली जाते.

चाळणीवरून एका बाईंची आठवण केलीच पाहिजे. डॉ. मंगला नारळीकर. जन्म १९४३ चा. जयंत नारळीकरांच्या पत्नी म्हणून त्या अनेकांना माहीत आहेत, पण त्या स्वतः गणिती होत्या. चाळून उरलेल्या संख्या हाच त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. लग्न झालं, परदेशात संसार झाला, तीन मुली झाल्या, घरातल्या वडीलधाऱ्यांचं करणं आलं. या सगळ्यातून वेळ काढत लग्नानंतर पंधरा-सोळा वर्षांनी, १९८१ मध्ये, त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या. दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'च्या जोडीला 'साठ तीन' असं वाचायला आलं आणि २०१९ मध्ये महाराष्ट्रभर वाद झाला, तो तुम्हाला आठवत असेल. कोणाला ते पटलं, कोणाला नाही. त्यामागचा विचार मात्र एवढाच होता की लहान लेकरू जोडाक्षरात अडकून गणितालाच भिऊ नये. २०२३ च्या जुलैमध्ये त्या गेल्या. "आता ह्या वयात काय शिकायचं" असं म्हणणाऱ्या प्रत्येक ताईला आम्ही त्यांचं नाव सांगतो.

आता आपल्या मास्तरांकडे येऊ. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १७ जानेवारी १९०५, डहाणूचा. शाळा ठाण्याला, कॉलेज पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये. १९२९ मध्ये बी.एस्सी. झाले आणि १९३० पासून १९६२ ला निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवत राहिले. पुढची पदवी नाही, मोठ्या संस्थेत जागा नाही. पण संख्यांशी खेळायचं वेड असं की स्वतःच्या खर्चानं गणिताच्या परिषदांना जायचे, स्वतःच्या खर्चानं पुस्तिका छापायचे. त्या काळी पुष्कळ जाणकारांना हा पोरखेळ वाटला. पुढे १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर नावाच्या अमेरिकन लेखकानं एका गाजलेल्या विज्ञान मासिकात त्यांच्याबद्दल लिहिलं आणि त्यांचं नाव जगभर झालं. १९८६ मध्ये ते वारले.

त्यांचा ६१७४ हा आकडा काही मुलींना शाळेत सांगितला असेल. चार आकडी संख्या घ्या, चारही आकडे सारखे नकोत. आकडे उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं लावा, मोठ्यातून लहान वजा करा. आलेल्या उत्तराला पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळांत ६१७४ येतो. आपला हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला ते साल १९९९. ते घेऊन आज रात्री लेकरांसोबत करून पाहा, सहाव्या वजाबाकीला ६१७४ येईल.

पण आजची आपली गोष्ट कापरेकरांच्या दुसऱ्या खेळाची आहे. तो त्यांनी १९४९ मध्ये मांडला. एक संख्या घ्या आणि तिच्यात तिचेच आकडे मिळवा. एकवीस घेतली. एकवीस अधिक दोन अधिक एक, चोवीस. म्हणजे चोवीस ही एकवीसची लेक झाली असं समजू. चोवीसमध्ये दोन आणि चार मिळवा, तीस. तीसची लेक तेहतीस. तेहतीसची एकोणचाळीस. अशी पिढ्यान् पिढ्या ओळ चालत राहते. आता उलटं विचारा. प्रत्येक संख्येला आई असते का?

वीस घेऊन पाहू. वीस कोणाची लेक? एक आकडी संख्या तर दुप्पट होतात, त्यांतली सगळ्यात मोठी नवाची अठरा. तिथून वीस येत नाही. दहापासून पुढे पाहा. दहाची लेक अकरा, अकराची तेरा, बाराची पंधरा, तेराची सतरा, चौदाची एकोणीस, पंधराची एकवीस. मधली वीस कोणाच्याच वाट्याला आली नाही. वीसला आई नाही. अशा आईवाचून आलेल्या संख्यांना कापरेकरांनी आपल्या गावाचं नाव दिलं, देवळाली संख्या. औंढ्याच्या नागनाथाला आपण स्वयंभू म्हणतो, तशा या स्वयंभू संख्या समजा.

शंभरच्या आत अशा तेरा संख्या आहेत. एक, तीन, पाच, सात, नऊ, मग वीस, आणि मग एकतीस, बेचाळीस, त्रेपन्न, चौसष्ट, पंचाहत्तर, शहाऐंशी, सत्त्याण्णव. एकतीसपासून पुढे प्रत्येक वेळी अकरा वाढले, पाहिलंत? आणि गंमत अशी की काहींना आई नाही, तर काहींना दोन आया आहेत. एक्क्याण्णवमध्ये नऊ आणि एक मिळवा, एकशे एक. शंभरमध्ये एक मिळवा, तेही एकशे एक.

या खेळात एक शिकण्याजोगी गोष्ट आहे. १९७४ मध्ये कोलंबिया देशातल्या बर्नार्दो रेकामान यांनी हाच प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. म्हणून काही पुस्तकांत या संख्यांना कोलंबियन संख्या म्हणतात. पण कापरेकरांनी पंचवीस वर्षं आधी लिहून, छापून ठेवलं होतं, म्हणून देवळालीचं नाव कोणाला पुसता आलं नाही. ठराव पुस्तिका भरा, सह्या घ्या, तारीख घाला, असं आम्ही दर बैठकीत का म्हणतो, ते यावरून समजून घ्या. केलेलं काम नोंदीत असलं तर ते आपलं राहतं.

आता त्या मोठ्या संख्येकडे जाऊ. तिच्याकडे जायची वाट दाण्यांची आहे. हरभऱ्याचा एक दाणा ठेवा. दुप्पट करा, दोन. पुन्हा दुप्पट, चार. मग आठ, सोळा, बत्तीस. पाच वेळा दुप्पट केली. आता बत्तीसमधून एक दाणा उचला. एकतीस उरले. आपली एकतीस! तीच, जी पापडाच्या पाकिटात बसत नव्हती.

अशी दुप्पट करत जाऊन एक कमी केल्यावर कधी कधी मूळ संख्या मिळते. दोनदा दुप्पट करून एक कमी, तीन. तीनदा करून, सात. पाचदा करून, एकतीस. सातदा करून, एकशे सत्तावीस. या चारही मूळ. पण नेहमी असं होत नाही. अकरा वेळा दुप्पट करून एक कमी केला तर २,०४७ येतात, आणि ते तेवीस गुणिले एकोणनव्वद आहेत. या जातीच्या मूळ संख्यांना सतराव्या शतकातल्या मेर्सेन नावाच्या फ्रेंच साधूचं नाव आहे. त्या फार दुर्मिळ आहेत. २०२४ च्या अखेरपर्यंत साऱ्या जगाला अशा फक्त ५२ सापडल्या होत्या.

१५ मे २००४ रोजी त्यांतली एकेचाळिसावी हाती लागली. एक दाणा २,४०,३६,५८३ वेळा दुप्पट करायचा आणि एक उचलायचा. जी संख्या येते ती मूळ आहे. तिच्यात ७२,३५,७३३ आकडे आहेत. लक्षात घ्या, संख्या बहात्तर लाख नाही. ती लिहायला बहात्तर लाखांवर आकडे लागतात. सेकंदाला एक आकडा उच्चारला तर जेवण नाही, झोप नाही, असे जवळपास ८४ दिवस लागतील. एका पानावर हजार आकडे लिहिले तर दोनशे पानी छत्तीस रजिस्टरं भरतील आणि सदतिसावं उघडावं लागेल.

ही संख्या कोणा एका सरकारी प्रयोगशाळेत सापडली नाही. १९९६ पासून जगभरातली हजारो माणसं आपापल्या घरच्या संगणकाचा रिकामा वेळ एकत्र करतात आणि वाटून दिलेल्या संख्या तपासतात. ही संख्या ज्यांच्या वाट्याला आली ते जॉश फिंडली. त्यांच्या साध्या संगणकाला ती तपासायला दोन आठवड्यांहून थोडा जास्त वेळ लागला. आम्हाला यात बचत गटच दिसतो. एकीच्या दहा-वीस रुपयांनी काही होत नाही, पण दहा-पंधरा जणींची बचत पेटीत पडली की कोणाची म्हैस येते, कोणाची शिलाई मशीन येते.

आता एक प्रश्न. ही संख्या आपल्यासमोर नाही, कोणी वाचून दाखवली नाही. तिचा शेवटचा आकडा कोणता? सेनगावच्या एखाद्या वाडीत चुलीपुढं बसून तुम्ही तो सांगू शकता. दुप्पट करताना शेवटचे आकडे पाहा. दोन, चार, आठ, सोळातला सहा, बत्तीसमधला दोन, चौसष्टमधला चार, एकशे अठ्ठावीसमधला आठ, दोनशे छप्पनमधला सहा. दोन, चार, आठ, सहा, पुन्हा दोन, चार, आठ, सहा. चार-चारचं हे चक्र कधी बदलत नाही. आपल्याला २,४०,३६,५८३ वेळा जायचं आहे. चारनं भागायला शेवटचे दोनच आकडे पुरतात, कारण शंभर चारच्या पाढ्यातच येतो. त्र्याऐंशीला चारनं भागलं तर तीन उरतात. चक्रातला तिसरा आकडा आठ. त्यातून एक दाणा उचलला, सात. त्या बहात्तर लाख आकड्यांच्या संख्येचा शेवट सातनं होतो. गणिताची ताकद ही अशी असते. न पाहिलेल्या वस्तूबद्दलसुद्धा खात्रीनं बोलता येतं.

आणि आता देवळाली. २००६ च्या ऑक्टोबरमध्ये ल्यूक पेबडी या गणितज्ञांनी दाखवून दिलं की ही प्रचंड मूळ संख्या देवळाली संख्याही आहे. म्हणजे जगातली कोणतीच संख्या अशी नाही की तिच्यात तिचेच आकडे मिळवले तर ही तयार होईल. तुम्ही म्हणाल, एवढ्या अफाट संख्येची आई शोधायची म्हणजे कुठं कुठं शोधणार? पण विचार करा. एक आकडा जास्तीत जास्त नऊ. बहात्तर लाख आकडे सगळे नऊ धरले तरी त्यांची बेरीज साडेसहा कोटींच्या आसपास जाते. म्हणजे आई असलीच तर ती लेकीपासून साडेसहा कोटींच्या आतच असणार. त्याहून लांब ती राहूच शकत नाही. एवढ्या मोठ्या संख्येपुढं साडेसहा कोटी म्हणजे अंगणच झालं. तेवढ्यात आई नाही, म्हणजे ती नाहीच.

तीन, सात आणि एकतीस याही दुपटीतून आलेल्या, मूळही आहेत आणि देवळालीच्याही आहेत. त्यांचीच ही थोरली बहीण. ज्या मास्तरांच्या खेळाला लोक पोरखेळ म्हणत होते, त्यांचं गाव तिला चिकटलं. कापरेकरांना ती पाहायला मिळाली नाही. त्यांना जाऊन वीस वर्षं झाली होती. आज ही संख्या सगळ्यांत मोठी राहिलेली नाही. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० आकडे आहेत. पण देवळालीचं नाव लागलं ते लागलं.

आता तुमचा नेहमीचा प्रश्न. याचा उपयोग काय? खरं सांगायचं तर या बहात्तर लाख आकड्यांच्या संख्येचा आपल्या व्यवहारात काही उपयोग नाही. ती फार मोठी आहे आणि सगळ्यांना माहीत आहे. कुलपाची किल्ली अशी चव्हाट्यावर चालत नाही. पण तिच्याहून लहान, तीनशेच्या आसपास आकड्यांच्या, गुप्त ठेवलेल्या मूळ संख्या मात्र आपल्या खात्याची राखण करतात.

ते कसं, ऐका. एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव किती? कागदावर दोन मिनिटांत येईल, ८,६३३. आता हेच उत्तर दुसऱ्या बाईला द्या आणि विचारा, हे कोणत्या दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून आलं? तिचा अर्धा दिवस जाईल. जोडणं सोपं, उकलणं अवघड. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमिर आणि एडलमन या तिघांनी याच गोष्टीचं कुलूप बनवलं. गुणाकार सगळ्यांना सांगायचा, ते कुलूप. त्यामागच्या दोन मूळ संख्या लपवून ठेवायच्या, ती किल्ली. देवळातल्या दानपेटीत कोणीही पैसे टाकू शकतं, पण उघडते ती किल्ली असलेल्यालाच. बीसी सखीच्या यंत्रावर तुम्ही अंगठा ठेवता तेव्हा अंगठ्याची माहिती उघडी जात नाही, कुलपात बंद होऊन जाते. आधारच्या पडताळणीतल्या या कुलपाची संख्या ६१७ आकडी आहे. २०२० मध्ये जाणकारांनी २५० आकडी संख्या उकलून दाखवली, तर एका संगणकाला सुमारे २,७०० वर्षं लागतील एवढं काम अनेक संगणकांना मिळून करावं लागलं. ६१७ आकड्यांची गोष्ट तर त्याहून किती तरी पुढची.

मग पैसे जातात कसे? आमच्या एका गटातल्या मावशींचे दोन हजार गेले. निंदणीचे, घामाचे पैसे. एका ठिकाणी त्या पैसे काढायला गेल्या. "अंगठा लागला नाही, पुन्हा लावा" असं सांगून त्यांच्याकडून दोनदा अंगठा घेतला. दोन्ही वेळा पैसे निघाले, हातात एकदाचेच पडले. पावती त्यांनी मागितली नाही, कारण मागायची असते हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवसांनी पासबुक भरून घेतलं तेव्हा कळलं. मावशी घरी बोलल्याही नाहीत, शरमेनं गप्प बसल्या. गटात रडल्या तेव्हा आम्हाला समजलं. तायांनो, कुलूप कोणी फोडलं नव्हतं. त्यांच्याच हातानं ते उघडून घेतलं होतं.

म्हणून पुढच्या गोष्टी पाठ करा. अंगठा लावण्याआधी पडद्यावरची रक्कम स्वतः वाचा, नाही तर सोबतच्या मुलीला वाचायला सांगा. पुन्हा अंगठा मागितला तर आधी विचारा, पहिल्या व्यवहाराची पावती कुठं आहे? व्यवहार झाला नसेल तर तसंही कागदावर निघतं. ओटीपी म्हणजे किल्ली, ती फोनवर कोणालाही सांगायची नाही. बँकेचा साहेब म्हणवणाऱ्याला नाही, योजनेचे पैसे आलेत म्हणणाऱ्याला नाही. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत. आधारच्या अॅपमधून अंगठ्याला कुलूप लावून ठेवता येतं, लागेल तेव्हा ते उघडता येतं. आणि फसवणूक झालीच तर त्याच वेळी १९३० या नंबरला फोन करा आणि बँकेत कळवा. जितका लवकर फोन, तितकी पैसे वाचायची आशा जास्त. शरम फसवणाऱ्यानं बाळगायची, आपण नाही. गटाची पेटी एकीकडे आणि किल्ली दुसरीकडे ठेवायची शिस्त आपल्याला पहिल्यापासून आहे. तीच शिस्त फोनला लावायची.

शेवटचं बोलणं लेकींसाठी आहे. आठवी-नववीत गेली की पोरीला गणित जड जातं असं घरात म्हणायला सुरुवात होते, आणि मग "पोरीला काय करायचंय गणित" इथं ते थांबतं. तिथूनच शाळा सुटायची वाट सुरू होते. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये सोफी जर्मेन नावाच्या मुलीला बाई म्हणून शिक्षणसंस्थेत प्रवेश नव्हता. तिनं पुरुषाचं नाव घेऊन आपले कागद पाठवले आणि मोठमोठ्या गणितज्ञांशी पत्रव्यवहार केला. आज मूळ संख्यांच्या एका जातीला तिचं नाव आहे. आपल्या लेकींना नाव बदलावं लागत नाही. त्यांना संध्याकाळचा एक तास मोकळा लागतो आणि "मला समजावून सांग" म्हणणारी आई लागते.

येत्या बैठकीत हजेरी आणि बचत झाली की पंधरा मिनिटं काढा. एक ते शंभरचा कागद करा. चाळण लावा, पंचवीस मूळ संख्या निघाल्या का ते मोजा. मग त्यांतल्या देवळाली संख्या कोणत्या ते पाहा. सहा निघाल्या पाहिजेत: तीन, पाच, सात, एकतीस, त्रेपन्न, सत्त्याण्णव. लिहिता न येणाऱ्या तायांनी दाणे मांडा, बाकीच्यांनी लिहा. मग प्रत्येकीनं आपल्या पासबुकातल्या शेवटच्या पाच नोंदी मोठ्यानं वाचायच्या किंवा वाचून घ्यायच्या. एखादी नोंद पटली नाही तर ती त्याच दिवशी ग्रामसंघाच्या वहीत लिहा आणि दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी मिळून बँकेत जा. एकटीनं जाऊ नका.

हिशेब ठेवा, पावती मागा.